आमच्या घरातला संप

‘संप’ हा शब्द कानांवर पडला की मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घोषणा, बंद फाटक आणि वर्गाबाहेर रेंगाळणारी मुले उभी राहतात. आपल्या बेळगावात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. अंगणात जमिनीखाली बांधलेल्या पाण्याच्या टाकीला आपण सगळे, मराठी काय आणि कन्नड काय, संपच म्हणतो. ‘आज संप भरला का हो?’ असे आईने शेजारणीला विचारले की पुण्याहून आलेला पाहुणा बुचकळ्यात पडतो. मी ज्या संपाविषयी लिहिणार आहे तो या दोहोंपेक्षा निराळा. तो लाकडी कपाटाच्या दारामागे बसलेला असतो, त्याची लांबी हातभराहून थोडी अधिक, आणि त्यात खारे पाणी असते. घरातल्या विजेने, पंपाने किंवा नळीने संप पुकारला तरी हा संप कामावर राहिला पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

हा संप आमच्या घरी आला तो आतेभावामुळे. दादाला समुद्री मासे पाळण्याचा नाद. गेल्या वर्षी त्याला पुण्यास नोकरी लागली, तिथे चौघांत मिळून एक खोली मिळाली, आणि जाता जाता त्याने आपला समुद्र माझ्या गळ्यात घातला. समुद्र म्हणजे ९० सें.मी. लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी काचेची पेटी. तिच्यात भाजक्या मातीचे सच्छिद्र दगड, थोडी वाळू, चार-सहा गोगलगाई आणि क्लाउनफिशची एक जोडी. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. नाव विदूषकाचे, पण वागणे एखाद्या तापट सासूबाईंचे! मासे पैदास केंद्रात अंड्यांतून वाढवलेले होते, समुद्रातून ओरबाडून आणलेले नव्हते. प्रवाळ त्या पेटीत नव्हते आणि नसणार. २००१ साली आपल्या सरकारने प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांनाही. दिवाणखान्याच्या शोभेसाठी असला गुन्हा करावा, इतका आमचा दिवाणखाना मोठा नाही.

या माशांविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. क्लाउनफिश जन्मतात ते सगळे नर म्हणून. जोडीतला मोठा मासा मादी बनतो. ती मेली तर मागे राहिलेला नर तिची जागा घेतो. नीट सांभाळले तर हे मासे दहा-पंधरा वर्षे सहज जगतात. म्हणजे माझी पदवी, नोकरी, कदाचित लग्नसुद्धा त्यांच्या देखत व्हायचे. असे पाहुणे घरी आणायचे तर त्यांची सोय आधी पाहायला हवी होती. त्यासाठी मला एक महिना मिळाला. त्यानंतर दादाला घर रिकामे करून द्यायचे होते.

आता आमच्या घराविषयी. आम्ही शहापुरात माडीवर भाड्याने राहतो. खाली मालकांचे साड्यांचे दुकान आहे. मालक दुकानात मराठी बोलतात, घरात कन्नड, आणि हिशेब करताना कोणती भाषा बोलतात ते कुणालाच कळत नाही. आमच्या पुढच्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचे साड्यांचे गठ्ठे असतात. वडिलांनी संकोचत परवानगी मागितली तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘तम्मा, मासे ठेव, पाहिजे तर मगर ठेव. पण नीरु केळगे बरबारदु!’ पाणी खाली येता कामा नये. मग वडिलांकडे वळून हसत पुढे म्हणाले, ‘आलं, तर मग तुम्ही दुसरं घर बघायचं.’ मालक हसत जे बोलतात ते खरे असते, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. बहीण दहावीला होती. घर शोधत हिंडण्याचे ते वर्ष नव्हते.

वाचकमित्र विचारतील, वरच्या पेटीत मासे आहेत, पाणी आहे, मग खाली दुसरी पेटी कशाला? मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. ८.१ च्या आसपास असतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणून गोड्या पाण्यात जे खपून जाते ते खाऱ्या पाण्यात खपत नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढल्याच वर्षी फिलिप गॉस यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांतून समुद्र ठेवण्याची लाट उसळली. पण पेटीतले पाणी नासे, मासे मरत, आणि का मरतात ते कळत नसे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखविले ते १८९० च्या सुमारास. हे जीवाणू दगडाच्या छिद्रांतून वस्ती करतात, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. मासे आपल्याला दिसतात. त्यांना जगवणारी ही मंडळी दिसत नाहीत.

संप म्हणजे या न दिसणाऱ्या मंडळींचे कामाचे ठिकाण. धरणाला असतो तसा वरच्या पेटीच्या कोपऱ्यात सांडवा असतो. त्यावरून पाणी नळीने खाली संपात उतरते, तिथे गाळले जाते, आणि पंपाने पुन्हा वर जाते. एकूण पाणी वाढल्यामुळे त्यातले बदल सावकाश होतात, उघड्यावर उतरणाऱ्या पाण्यात प्राणवायू मिसळतो, आणि हीटर, पंप वगैरे सारी अवजारे नजरेआड राहतात.

या अवजारांत मला सर्वांत आवडले ते स्किमर. गुऱ्हाळावर गेलेल्या प्रत्येकाने काहिलीतला रस उकळू लागल्यावर वर येणारी मळी पाहिली असेल. गुळव्या ती झाऱ्याने सारखी काढत असतो, आणि तिच्यावरच गुळाचा रंग ठरतो. स्किमर हा आमच्या समुद्राचा गुळव्या. फरक इतकाच की इथे उष्णता नाही. एका नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडले जातात. माशांच्या घाणीतल्या प्रथिनांचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून पळू पाहते, म्हणून ती हवेच्या आणि पाण्याच्या सीमेवर, म्हणजे बुडबुड्याच्या अंगावर, जाऊन चिकटतात. फेस वर चढतो आणि पेल्यात तपकिरी, घाणेरड्या वासाचे पाणी साचते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यात उत्तम चालते आणि गोड्या पाण्यात जवळजवळ निकामी ठरते. घाणीचे नायट्रेट होण्याआधीच ती बाहेर काढण्याची ही युक्ती.

दादाचा संप १२० सें.मी. लांबीचा होता. आमच्या कपाटाची आतली लांबी ६८ आणि खोली ४०. त्यामुळे संप नव्याने आखणे भाग होते. कपाटात हात घालून काम करायला जागा सोडल्यावर माप ठरले ते असे : लांबी ६०, रुंदी ३०, उंची ३६ सें.मी. एकूण सुमारे ६५ लिटरची पेटी. तिचे काचेच्या पडद्यांनी तीन खण केले. पहिला २६ सें.मी.चा, त्यात वरून येणारे पाणी कापडी पिशवीतून गाळून पडते आणि तिथेच स्किमर व हीटर. मधला १८ सें.मी.चा; त्यात सच्छिद्र दगड आणि दिव्याच्या उजेडात वाढणारे हिरवे समुद्री शेवाळ, जे नायट्रेट खाते. शेवटचा १५ सें.मी.चा, त्यात पंप.

वीतभर जागेत वस्तू बसवणे हे ट्रंक भरण्यासारखे आहे. पण ट्रंकेत कपडे कुठेही कोंबले तरी चालतात, इथे प्रत्येक वस्तूला आपली जागा आहे. स्किमरला पाण्याची उंची कायम तीच लागते. हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. म्हणून ही दोन्ही पहिल्या खणात, जिथली पातळी पडदीच्या उंचीने २२ सें.मी.वर बांधलेली आहे. बाष्पीभवनाने जी घट येते ती सगळी शेवटच्या खणात दिसते. पहिल्या दोन खणांमधली वाट चिंचोळी ठेवली तर जागा वाचते, पण मग पाणी वेगाने खाली जाते आणि स्किमरचे बुडबुडे सोबत ओढून नेते. माझा पंप ताशी १,००० लिटर पाणी फेकणारा. ३ सें.मी. रुंद वाटेतून इतके पाणी सेकंदाला सुमारे ३ सें.मी. वेगाने जाते, तेवढ्या वेगात बहुतेक बुडबुडे मागे फिरून वर येऊ शकतात. म्हणून ३ सें.मी.

परंतु हे सगळे पंप चालू असतानाचे गणित झाले. माझ्या डोळ्यांसमोर सारखे मालकांचे गठ्ठे होते, आणि गठ्ठ्यांना भीती होती ती पंप बंद पडण्याची. आपल्याकडे करंट जातो, विशेषतः वळवाच्या पावसात, तेव्हा तो सांगून जात नाही. पंप थांबला की वरची पेटी सांडव्याच्या काठापर्यंत खाली रिकामी होऊ लागते. एवढेच असते तर सोपे होते. पण परतीच्या नळीचे तोंड वरच्या पाण्यात बुडालेले असते. पंप बंद होताच तीच नळी सायफन बनते आणि तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहते. शाळेत बादली आणि रबरी नळी घेऊन केलेला प्रयोग इथे आपोआप होतो, आणि कुणी नळीवर बोट ठेवायला नसते.

वरच्या पेटीची लांबी-रुंदी ९० गुणिले ४५. म्हणजे पातळी १ सें.मी. उतरली की ४ लिटरांहून थोडे जास्त पाणी खाली आले. दादाच्या रचनेत नळीचे तोंड पृष्ठभागाखाली १२ सें.मी. होते, कारण त्याला तळाशी प्रवाह हवा होता आणि त्याचा संप मोठा होता. तीच रचना इथे ठेवली असती तर सुमारे ४९ लिटर पाणी आणि सांडव्यातले, नळ्यांतले दोन-तीन लिटर खाली आले असते. माझ्या संपात २२ सें.मी.च्या वर १४ सें.मी. मोकळे, त्यात मावते २५ लिटर. उरलेले साधारण तितकेच पाणी साड्यांवर! मी तोंड वर घेतले आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली ३ सें.मी.वर नळीला एक भोक पाडले. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. आता खाली येते १२ लिटर अधिक नळ्यांतले तीन, एकूण १५. संपाच्या ६० गुणिले ३० च्या तळावर तेवढ्याने पातळी सव्वाआठ सें.मी. चढते, ३० सें.मी.च्या आसपास थांबते आणि वर साडेपाच सें.मी. उरतात. काचेची जाडी आणि अवजारांनी व्यापलेली जागा त्यातून वजा जाते, तरी भागते. नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी असे कुणी सुचवतील. पण झडपेत मिठाचा एक खडा किंवा गोगलगाईचे एक पिल्लू अडकले की ती उघडीच राहते. भोकात हलणारे काही नाही. त्यात शेवाळ धरू नये म्हणून पंधरा दिवसांनी त्यातून टूथपिक फिरवली की झाले.

दुसरे गणित याच्या उलट. पंप चालू आहे आणि सांडव्याची जाळी एखाद्या गोगलगाईने बुजवली, तर? पाणी वर जात राहील, खाली येणार नाही, आणि वरची पेटी ओसंडेल. त्यावर उपाय असा की शेवटच्या खणात पंपाला उचलता येईल इतके पाणीच थोडे ठेवायचे. तो खण १५ गुणिले ३०. पंपाच्या तोंडाच्या वर १५ सें.मी. पाणी धरले तर पावणेसात लिटर, आणि पडद्यांवरून ओघळणारे धरून आठ. वरच्या पेटीत काठाखाली अडीच सें.मी. रिकामे ठेवले आहेत. तिथे मावतात दहा लिटर. मग पंप कोरडा फिरेल, कदाचित जळेलही. पंप नवा आणता येतो.

येथे एक मोह आवरावा लागला. रोज दोनेक लिटर पाणी उडून जाते. उन्हाळ्यात अधिक, पावसाळ्यात कमी. पाणी उडते, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. नाहीतर १९० लिटरांतून आठवडाभर रोज दोन लिटर गेले तर लिटरमागे ३५ ग्रॅमची क्षारता ३८ च्या घरात जाते. गच्चीवरच्या टाकीत असतो तसा फ्लोट बसवला तर ही भर आपोआप पडेल. पण वरचे गणित पाहा. सांडवा बुजला आणि शेवटचा खण रिकामा झाला की फ्लोट समजणार, पाणी कमी झाले. आणि तो आपले डबाभर पाणी ओतणार. आठ लिटरांत पाच मिळवले की तेरा, आणि जागा दहाची. म्हणून फ्लोट नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर आई कपाटाचे दार उघडते आणि पेन्सिलच्या खुणेपर्यंत फिल्टरचे पाणी ओतते. खूण फार खाली गेली असेल तर मला हाक मारते. फ्लोट ही हाक मारू शकला नसता.

बांधणी काचवाल्याकडून काच कापून आणून घरीच केली. तळ आणि बाजू ६ मि.मी. काचेच्या. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेले घ्यावे लागते. न्हाणीघरासाठी मिळते त्यात विष असते. आठवडाभर ते वाळू दिले, घरभर व्हिनेगरचा वास दरवळत होता. मग पेटी गच्चीवर नेऊन काठोकाठ भरली आणि दोन दिवस खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले. कागद कोरडा राहिला. विजेच्या तारांना सॉकेटच्या खाली झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी गळतो, सॉकेटपर्यंत पोचत नाही.

मासे आणण्याआधी नुसत्या पाण्यावर सगळे चालू केले आणि मालकांना वर बोलावले. त्यांनी कपाटात वाकून तीनही खण पाहिले. मग काही न बोलता ते जिन्याकडे गेले आणि माडीचा मेन स्विचच खाली ओढला. पंखा थांबला, पंप थांबला. सांडव्यावरून पाण्याचा आवाज येत राहिला. मी टॉर्च धरला. संपातले पाणी काचेवर चढू लागले : २४, २६, २८. आई दारात उभी होती. वडील वर्तमानपत्र वाचत असल्याचा देखावा करीत होते. तेवढ्यात परतीच्या भोकातून ‘सुर्र’ असा आवाज झाला, हवा शिरली आणि सायफन तुटला. पाणी ३० च्या खुणेपाशी आले आणि थांबले. मालक आणखी पाच मिनिटे तसेच वाकून बसले होते. मग उठून म्हणाले, ‘ही खूण तू आधी काढलीस की आत्ता?’ मी म्हणालो, ‘आधी.’ त्यांनी स्विच वर केला.

दादाचे दगड ओलेच आणल्यामुळे त्यांतले जीवाणू जिवंत राहिले आणि सहा आठवडे थांबावे लागले नाही. पहिले दहा दिवस मी रोज अमोनिया तपासत होतो. तो शून्यावर राहिला. त्यानंतरच्या पावसाळ्यात किती वेळा करंट गेला ते मोजलेले नाही. करंट गेला की बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप आपोआप चालू होतो, माशांना श्वास मिळतो, आणि अंधारात संपातले पाणी चढून आपल्या खुणेपाशी उभे राहते.

आपण विज्ञानाचे विद्यार्थी प्रयोगवहीत सगळे चालू असतानाची आकृती काढतो. बाण सगळे एकाच दिशेने जातात. या संपाने मला तीच आकृती दुसऱ्यांदा काढायला लावली, बाण उलटे करून : हे थांबले तर पाणी कुठे जाईल, आणि तिथे त्याला जागा आहे का? लहान जागेत तर हा प्रश्न अधिकच विचारावा लागतो, कारण ऐसपैस घरात जे पाणी अंगणात जाते ते भाड्याच्या माडीवर दुसऱ्याच्या पोटावर जाते. वरच्या पेटीचे सौंदर्य माशांचे आहे, त्यात माझे काही नाही. माझे जे आहे ते साडेपाच सेंटिमीटर रिकाम्या काचेत आहे.

दिवाळीत मालकांकडे हुबळीचे पाहुणे आले होते. मालक त्यांना वर घेऊन आले. मुले माशांकडे धावली, बायका ‘एष्टु चंद!’ म्हणाल्या. मालकांनी सर्वांना जरा बाजूला केले, कपाटाचे खालचे दार उघडले, आणि बोटाने काचेवरची पेन्सिलची खूण दाखवत कन्नडमध्ये काहीतरी बराच वेळ समजावून सांगितले. मला त्यातला एकच शब्द कळला. संप.